लीग टिकणार का ते बघा
सौदीच्या फुटबॉल लीगमध्ये जाणारे सगळे प्लेअर पैशाला हपापलेत असं लोक म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही, पस्तिशीत करिअर संपणाऱ्याने कमवायचं तरी कधी? खरा प्रश्न लीग टिकणार का हा आहे. चीनच्या लीगचं आठवा, २०१७ ला ब्राझीलचा ऑस्कर इंग्लंडचा चेल्सी क्लब सोडून शांघायच्या क्लबात गेला, वय फक्त २५, ट्रान्स्फरची किंमत जवळपास ६ कोटी पौंड! आणि तिथलीच जिआंग्सू सुनिंग ही टीम नोव्हेंबर २०२० ला लीगची चॅम्पियन झाली नि फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लबच बंद, कारण मालक कंपनी पैशाच्या अडचणीत. सौदीत २०२३ ला सरकारी फंडानेच चार मोठे क्लब घेतले म्हणून लगेच तसं होणार नाही, पण तिथल्या लोकल पोरांचं काय? सौदीच्या नॅशनल टीमचा कोच असताना इटलीचा मान्चिनी हेच सांगत होता, की माझे प्लेअर क्लबात बेंचवर बसून असतात.