घरातील कुंड्यांनी हवा शुद्ध होते, हा दावा टिकत नाही

कोरडवाहू (जळगाव): काल या चर्चागटात एका सदस्याने लिहिले की सदनिकेत दहा कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते, खोली थंड राहते आणि हे ‘नासा’ने सिद्ध केले आहे. हा मजकूर दर उन्हाळ्यात फिरतो, म्हणून सविस्तर लिहितो. हा दावा ज्यावर उभा आहे तो ‘नासा’चे संशोधक वोल्व्हर्टन यांचा १९८९ चा अहवाल हवाबंद पेटीतील प्रयोगांचा होता, राहत्या घरांचा नव्हता. कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांची आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा रंग-प्लायवूडमधून सुटणारी वायुरूप रसायने हटवण्यात इमारतीच्या नेहमीच्या वायुविजनाची बरोबरी करायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असे निघाले. पहाटे खिडक्या उघडल्याने जे साधते ते मनी प्लांटकडून होणार नाही.

तापीकाठ (यावल): भाऊ, आकडे मान्य आहेत, पण घरात झाड लावणारा माणूस केवळ हवेसाठी लावतो, हे तुम्ही कुठून ठरवले? आईला केळीच्या मळ्यातून उचलून आम्ही शहरात चौथ्या मजल्यावर आणले, तेव्हा ती दिवसभर भिंतीकडे पाहून बसत असे. गॅलरीत तुळस, कोरफड आणि गवती चहा लावल्यावर ती सकाळी स्वतःहून उठू लागली. हा फायदा कोणत्या पेटीत मोजणार?

तिसरा मजला (धुळे): ताई, तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांचेही ऐका. आमच्या वरच्या घरातील कुंड्यांचे मातकट पाणी वाळत घातलेल्या बिबड्यांवर (ज्वारीच्या पापडांवर) पडले आणि दोन दिवसांची मेहनत वाया गेली. कुंडीखालच्या ताटलीत पाणी आठवडाभर साचले की डेंग्यूच्या डासांची पैदास होते, हे सांगायला गेले तर भांडण होते. शिवाय नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असताना ते शोभेच्या पानांना घालायचे का?

तापीकाठ: पाणी शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी वापरा, प्रश्न मिटतो.

केळीबाग (रावेर): मिटत नाही. त्या पाण्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात. बोअरचे पाणी आधीच जड असेल, तर कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि पानांची टोके करपतात. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचेही तेच, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असते, ते खुशाल वापरा. डाळ-तांदूळ धुतलेले पाणीही चालते.

तिसरा मजला: म्हणजे ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनीच झाडे लावावीत?

केळीबाग: तसे मी म्हटलेले नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका. कोरफड आणि स्नेक प्लांट कमी पाण्यावर जगतात, माती कोरडी झाल्यावरच पाणी दिले तर ताटलीत थेंबही साचत नाही. आणि घरात रांगते मूल असेल तर डिफेनबॅकिया हे ठिपकेदार पानांचे शोभेचे झाड आणू नका, त्याचे पान चावल्यास तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. रोपवाटिकेत हे कोणी सांगत नाही, याचा मला अधिक राग आहे.

कोरडवाहू: चर्चा पाण्यावर गेली, तरी मूळ दाव्यातील थंडावा राहिलाच. पानांतून बाष्प सुटते आणि त्याने हवा निवते, हे खरे, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना चार कुंड्यांचे बाष्प कूलरच्या तुलनेत नगण्य आहे. पश्चिमेच्या खिडकीबाहेर दाट वेल चढवला तर काचेवर ऊन पडत नाही, तो फायदा मी मान्य करतो. मात्र तो सावलीचा आहे.

तापीकाठ: वेलाची सावली मान्य केलीत, तर आईचे सकाळचे उठणेही मान्य करावे लागेल.

कोरडवाहू: ते मी नाकारलेलेच नाही. ते ‘नासा’च्या नावावर खपवू नये, एवढीच माझी हरकत आहे.

तिसरा मजला: आणि ताटली दर आठवड्याला घासून कोरडी करावी. हे लिहून देणार असाल तर सोसायटीच्या बैठकीत मी विरोध मागे घेते.