‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’: मेला म्हणून मोठा झाला म्हणे!

खर्जातला:
काल सुतळीबॉम्ब यांनी ठोकून दिलं की इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचा हा पहिला अल्बम म्हणजे केंब्रिजात शिकणाऱ्या खात्यापित्या घरच्या पोराची कुरकुर, त्यावर प्रोड्यूसरने ओतलेलं व्हायोलिनचं श्रीखंड, आणि २६ व्या वर्षी गेला नसता तर त्याला आज कुत्रं विचारत नसतं. बरं. व्हायोलिन ओतली कोणी ते आधी बघू. प्रोड्यूसर जो बॉइडने सुरुवातीला अनुभवी अरेंजर, म्हणजे गाण्यामागचा वाद्यमेळ लिहिणारा, आणला होता. या तुमच्या लाजऱ्याबुजऱ्या पोराने ते ऐकलं, नको म्हणून सांगितलं आणि कॉलेजातला दोस्त पुढे केला, रॉबर्ट कर्बी, तोही तेव्हा विद्यार्थीच. ‘वे टू ब्लू’मध्ये तर गिटारच नाही! गिटारवाला माणूस, आयुष्यातला पहिला अल्बम, आणि गिटार बाजूला ठेवून नुसत्या स्ट्रिंग्जवर, म्हणजे व्हायोलिन-चेलोंवर गातो. एवढा हट्टी माणूस बिचारा कसला?

माझी खरी चीड वेगळीच आहे. १९७४ साली तो गेला, ते मरण १९६९ च्या या रेकॉर्डमध्ये ऐकत बसायचं, आणि वर उसासे टाकायचे. रेकॉर्ड आली तेव्हा तो २१ चा होता हो. ‘थ्री अवर्स’मध्ये डॅनी थॉम्पसनचा बास आणि याची गिटार कशी एकमेकांच्या मागे लागलीयेत ते ऐका, मजा करतायत दोघं.

सुतळीबॉम्ब:
केवढं मनाला लावून घेतलंत! अरेंजरचा मुद्दा घ्या, दिला तुम्हाला. पण साखर पोरानेच मागवली म्हणून श्रीखंड कमी गोड होत नाही. ‘द थॉट्स ऑफ मेरी जेन’मधली ती बासरी ऐका आणि मग बोला. आणि मेल्याचा फायदा नाही म्हणता? जिवंतपणी एकेक अल्बम ५००० सुद्धा खपला नव्हता. १९९९ ला फोक्सवॅगनच्या जाहिरातीत त्याचं नंतरचं गाणं ‘पिंक मून’ वाजलं आणि सगळ्यांना एकदम साक्षात्कार झाला. गाडीवाल्यांनी शोधून काढलेलं दुःख आहे हे.

अर्धवटराव:
मग त्या जाहिरातीत खाली ‘गायक वारला आहे’ अशी पट्टी फिरत होती का? लोकांनी गाणं ऐकलं, आवडलं, रेकॉर्ड घेतली. म्हणजे मेला म्हणून मोठा झाला हे तुमचं तुम्हीच खोडलंत, आम्हाला कामच ठेवलं नाहीत.

कोमल_निषाद:
तुमचं चालू द्या, पण याच अल्बममधल्या ‘रिव्हर मॅन’चा कोणी विषयच काढत नाहीये. पाच मात्रा! मला तर त्यात सरळ झपताल ऐकू येतो. आणि जन्म रंगूनचा आहे त्याचा, विसरू नका, कानावर काहीतरी पडलं असणारच.

तिहाई:
झपताल?? दहा मात्रा, २-३-२-३, सहावीला खाली, म्हणजे तिथे टाळी नाही. ‘रिव्हर मॅन’ ५/४ आहे, पाचात फिरतं, त्यात खाली-भरी दाखवा मला. पाचापर्यंत मोजता आलं की झाला झपताल? आणि रंगूनहून घरचे तो अगदी लहान असताना परत गेले. वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर होते, तबलजी नव्हते. कुठे काही चांगलं दिसलं की ते मूळचं आपलंच, हा रोग कधी जाणार आहे देव जाणे.

कोमल_निषाद:
आपलं आहे असं मी कुठे म्हटलं? ‘ऐकू येतो’ म्हटलं. तबला शिकलेल्या माणसाचा हात पाच आले की आपोआप मांडीवर धी ना धी धी ना करायला लागतो, त्यासाठी तुमची परवानगी काढायची का आता? आणि ‘चेलो साँग’मध्ये तर तबलाच आहे.

तिहाई:
कोंगा आहेत त्या, हाताने वाजवायचे उभे ढोल. कोंगा!!

अर्धवटराव:
पाचावरून आठवलं. क्लासमध्ये गिटारच्या सरांना म्हटलं ‘रिव्हर मॅन’ शिकवा, तर म्हणे त्याची ट्युनिंग्ज, तारा लावायच्या पद्धती, विचित्र असतात, तुला झेपणार नाही. बरेच दिवस मी आपला गप्प. मग कळलं की बाकीची बरीचशी गाणी तशी आहेत खरी, पण नेमकं हे साध्या ट्युनिंगमध्ये, तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वाजतं. सरांना पाच मोजता येत नव्हते, दुसरं काही नाही.

तिहाई:
मोजूनही येत नाही ते. शब्द कुठे उचलतो बघा, ठोक्यावर येतच नाही, रेंगाळत मागून येतो आणि तरी बरोबर पोचतो. कर्बीनेही याच गाण्याला हात टेकले होते, शेवटी दुसऱ्या अरेंजरला, हॅरी रॉबिन्सनला बोलावावं लागलं. आणि इथे लोक मांडीवर ठेका धरून मोकळे.

कोमल_निषाद:
तुमच्या क्लासमध्ये नाव घालायचं नाहीये मला. इतकं चिडून संगीत ऐकत असाल तर त्या गाण्याचीच कीव येते.

मंद्र:
जरा थांबा दोघं. माझा धाकटा भाऊ डिप्रेशनमधून गेलाय. त्या काळात तो कुठलंच गाणं ऐकायचा नाही. दार लावून पंखा फुल्ल करायचा, बाकी आवाजच नको असायचा. चहाचा कप दाराबाहेर ठेवायचो, संध्याकाळी साय धरलेला तसाच उचलायचो. जरा बरा दिवस असला की मग हा अल्बम लागायचा आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, लावलं वाटतं गाणं, आज जेवेल. म्हणून कोणी ‘किती सुंदर दुःख’ वगैरे लिहिलं की डोकं फिरतं माझं. त्या अवस्थेत माणसाच्या हातून काही सुंदरबिंदर होत नाही, हे करायला बरं असावं लागतं.

सुतळीबॉम्ब:
मंद्र, तुमच्याशी वाद नाही. पण खर्जातल्यांना विचारतो, ‘फ्रूट ट्री’चं काय? मेल्याशिवाय नाव होत नाही असं तो त्याच अल्बममध्ये स्वतः गातोय आणि आम्ही ते ऐकायचं नाही?

खर्जातला:
विशीत कोण मरणावर लिहीत नाही? मीही वही भरली होती, आता दर महिन्याला गृहकर्जाचे हप्ते भरतो. पुढचं आपल्याला माहीत आहे म्हणून ते भाकीत वाटतं. तो गेला नसता तर त्याच गाण्याला तुम्ही आगाऊ पोराचा नखरा म्हणाला असतात.

सुतळीबॉम्ब:
म्हणालो असतोच, आजही म्हणतो. बाकी एवढा गोंधळ झाला पण मेरी जेनच्या बासरीच्या बाजूने एकानेही तोंड उघडलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

खर्जातला:
ती मलाही आवडत नाही. गप्प बसा.