पाऊस आला की रेस थांबवायचीच का?

गियरबदल: फॉर्म्युला वनची २०२५ ची बेल्जियन ग्रांप्री, स्पा ट्रॅकवरची, आठवली की अजून डोकं फिरतं. रविवारी साडेसहाला टीव्हीसमोर बसलो, सेफ्टी कारमागे (सगळ्यांना हळू चालवायला पुढे सोडलेली गाडी) एक फॉर्मेशन लॅप, म्हणजे रेसआधीची फेरी, आणि लगेच लाल झेंडा, म्हणजे सगळं बंद, मग जवळपास ८० मिनिटं नुसती वाट. सुरू झाली तेव्हाही पहिले चार लॅप सेफ्टी कारमागेच, आणि थोड्या वेळात सगळे कोरड्या टायरवर! म्हणजे पाऊस वाया घालवून रेस दिली. १९९३ ला डॉनिंग्टनच्या रेसमध्ये ड्रायव्हर सेन्ना सुरुवातीला पाचव्या नंबरवर घसरला आणि तोच लॅप संपेपर्यंत पहिला होता, ते ओल्यातच ना? पावसात गाडीचा जोर कमी पडतो आणि खरा ड्रायव्हर दिसतो.

घाटमाथा: ड्रायव्हर आपल्याला दिसतो रे, पण त्याला काय दिसतं? जुलैत एक्स्प्रेसवेवर टँकरच्या मागे सापडलोय मी, वायपर फुल स्पीडला आणि समोर नुसता पांढरा पडदा, टँकरचे दोन लाल दिवे कधी दिसतात कधी नाही, ८० च्या स्पीडलाच पोटात गोळा आला. तिथे ३०० ची गोष्ट आहे आणि हेल्मेटच्या काचेला वायपर नसतो. फुल वेट, म्हणजे जोरदार पावसासाठीचा, एक टायर त्या स्पीडला सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी फेकतो. घसरण्याची भीती हे ड्रायव्हर सांभाळतात, पण पुढे आडवी झालेली गाडी दिसलीच नाही तर कौशल्य काय करणार? याच स्पाला जुलै २०२३ मध्ये ज्युनियर रेसमध्ये डिलानो व्हान्ट हॉफ असाच गेला. १८ वर्षांचा पोरगा.

गियरबदल: त्याचं वाईट मलाही वाटतं. पण मग ब्राझीलमधलं इंटरलागोस २०२४ काय होतं? धो धो पाऊस, व्हर्स्टापेन १७ व्या नंबरवरून निघून जिंकला. तिथे जमतं मग स्पाला का नाही?

पिटवॉल_ताई: इंटरलागोसलाही लाल झेंडा आलाच होता की, आणि त्यात तोवर पिटमध्ये न थांबलेल्यांना फुकट, म्हणजे वेळ न घालवता, टायर बदलायला मिळाले. आणि स्पा ७ किलोमीटरचा, झाडीतला, एका टोकाला ऊन तर दुसऱ्या टोकाला सर. मला विचाराल तर दोष पावसाचा नाही, गाड्यांचा आहे. २०२२ पासूनच्या गाड्या तळाखालून हवा ओढायच्या आणि त्याबरोबर रस्त्यावरचं पाणीही मागे उडवायच्या. चाकांवर मडगार्डसारखी कव्हरं लावून बघितली, फार फरक पडला नाही, कारण अर्धं पाणी चाकांचं नव्हतंच.

घाटमाथा: हेच म्हणतोय. जपानमध्ये सुझुकाला २०१४ मध्ये ड्रायव्हर बियांकी गाडी उचलायला आलेल्या क्रेनवर जाऊन आदळला, नंतर नऊ महिने कोमात राहून गेला. आणि २०२२ ला तिथेच, पावसातच, ड्रायव्हर गॅस्लीच्या बाजूला परत तसाच ट्रॅक्टर उभा! त्यानंतर रेस डायरेक्टर घाबरून थांबवत असेल तर मी त्याच्या बाजूने.

गियरबदल: क्रेन ट्रॅकवर आणू नका, ते शंभर टक्के मान्य. पण २०२१ च्या स्पासारखं परत नको, तीन तास लोक चिखलात उभे, सेफ्टी कारमागे दोन-तीन लॅप आणि अर्धे पॉइंट वाटून मोकळे.

पिटवॉल_ताई: त्यासाठी नियम बदलला ना, आता सेफ्टी कारशिवाय किमान दोन लॅप झाले नाहीत तर पॉइंटच नाहीत.

गियरबदल: हो, तेवढं चांगलं केलं. तरी ते २०२५ चे ८० मिनिटं मला जास्तच वाटतात. अर्ध्या तासात सोडायला हवे होते.