‘बालसाहित्यिक’ : लहानांसाठी लिहिणारा की वयानं लहान?

पाटीपेन्सिल : ३१ मे, ‘फास्टर फेणे’चे लेखक भा. रा. भागवतांची जयंती. पुस्तकांच्या प्रदर्शनाच्या फलकावर ‘ज्येष्ठ बालसाहित्यिक’ असं लिहिलं होतं, ते मजकूर तपासणाऱ्यांनी खोडलं. म्हणे, बालकवी तसा बालसाहित्यिक, म्हणजे वयानं लहान. आणि त्याला वर ‘ज्येष्ठ’! ‘बालसाहित्यकार’ करा म्हणतात. करावं का?

तद्धित : मुळीच नको. त्यांची फोड चुकली आहे. ठोंबऱ्यांना १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ पदवी मिळाली ती कोवळ्या वयामुळे, तो कर्मधारय, बाल असलेला कवी. इथे आधी बालांसाठी साहित्य ते बालसाहित्य, मग ‘इक’ प्रत्यय. ‘इक’ लागला की आद्य स्वराची वृद्धी होते, ‘अ’चा ‘आ’ होतो, पण ‘बा’मध्ये ‘आ’ आधीच बसलेला. सांधा दिसत नाही, म्हणून हा घोळ.

खडूफळा : आणि ‘कार’ लावून काय साधलं? बाल + साहित्यकार अशी फोड तिथेही होतेच की.

मुद्रित : बालकामगार लहान, बालरोगतज्ज्ञ मोठा. वापर ठरवतो, व्याकरण मागून येतं. भागवतांच्या मासिकाचं नाव ‘बालमित्र’. एरवी बालमित्र म्हणजे लंगोटीयार. कुणी गोंधळलं का? ‘ज्येष्ठ’ मात्र काढाच. ते हयात लेखकाला शोभतं, भागवत २००१ साली गेले.

तद्धित : वापराच्या नावाखाली उद्या ‘मुलांचे रायटर’ही चालवाल.

मुद्रित : फुरसुंगीच्या बनेशला ‘फास्टर’ करणाऱ्याच्या फलकावर? खुशाल चालेल.

खडूफळा : जयंतीचा आकडा टाकणार असाल तर चालू सालातून जन्मसाल १९१० वजा करा, वर एक मिळवू नका. शताब्दी २०१०ला झाली. आणि फलकावर फास्टर फेणेचा तो जिभेनं काढायचा ‘ट्टॉक’ असणारच, तो नीट तपासा. ट, हलन्त, ट, ॉ, क. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना पहिला ट सुटा पडतो, नाहीतर चंद्र उडून ‘ट्टाक’ उरतं. छापखान्यात पीडीएफ द्या, तीही अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे रेखाकृतींमध्ये बदलून.

पाटीपेन्सिल : दोन ट एकाखाली एक हवेत की पाय मोडून शेजारी?

तद्धित : एकाखाली एक. पाय मोडला की जोरच जातो.

मुद्रित : कसला जोर? जीभ टाळूला लावून सोडायची आहे, टंकायची नाही.