मुंबई-गोवा महामार्गाचा लेख: खड्डे वर की खाली?

वडखळनाका (धागाकर्ता)

एका मुक्त ज्ञानकोशात मुंबई-गोवा महामार्गावर मराठी लेख आहे. तो तपासून नीट करायचं काम आम्ही दादर-परळकडच्या काही जणांनी अंगावर घेतलंय आणि पहिल्याच परिच्छेदावरून जुंपलीय. म्हणून हा काथ्याकूट इथे.

लेखाची आजची अवस्था सांगतो. पहिलं वाक्य म्हणतं, हा महामार्ग मुंबईत सुरू होतो. होत नाही. आपण सायन-पनवेल रस्त्याने खाडी ओलांडून जातो आणि पळस्पे फाट्याला राष्ट्रीय महामार्ग ४८ सोडून ६६ ला लागतो. मजकुरात क्रमांक १७ आहे, माहितीचौकटीत ६६. २०१० मध्ये देशभरचे क्रमांक बदलले तेव्हा १७ चा ६६ झाला, हे कुठेच लिहिलेलं नाही. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीतला ६६ पुद्दुचेरी ते कृष्णगिरी असा होता. जुन्या यादीतून कोणी लांबी उचलली तर थेट तमिळनाडूतल्या रस्त्याची उचलेल. पुढे गावांची नुसती माळ. आणि शेवटी भलामोठा परिच्छेद: ‘भ्रष्टाचाराचे कुरण’, ‘कोकणी माणसाच्या सहनशीलतेचा अंत’ वगैरे. संदर्भ शून्य.

माझं म्हणणं: हा शेवटचा परिच्छेद चार ओळींवर आणावा आणि जागा रस्त्याला द्यावी. हा रस्ता असा का आहे, हे लेखात कुठेच नाही. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला समुद्राकडे धावतात आणि रस्ता जातो उत्तर-दक्षिण. त्यामुळे प्रत्येक नदी त्याला आडवी येते. नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडजवळ सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना. दोन खोऱ्यांच्या मध्ये डोंगराची सोंड, म्हणून कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट. कोकणातली जुनी वहिवाट बंदरावरून घाटावर अशी आडवी होती, चिपळूणहून कुंभार्लीने कऱ्हाडला जायची तशी. मुंबईला जायचं तर बोट होतीच. उभा रस्ता कोकणाच्या अंगवळणी पडायला वेळ लागला, आणि त्याचं गोव्याकडचं टोक १९ डिसेंबर १९६१ पर्यंत परक्या राजवटीच्या हद्दीला भिडत होतं. हे वाचून माणसाला रस्ता कळेल. शिव्या वाचून कळणार नाही.

परळचा चाकरमानी

साफ असहमत. नद्या-डोंगर भूगोलाच्या पुस्तकात आहेत. हा लेख शोधून वाचणारा माणूस कोण? गणपतीच्या आधी रात्री बॅगा भरून बसलेला, नाहीतर दोन तास वडखळला अडकून मोबाइल उघडलेला. त्याला एकच प्रश्न पडलेला असतो, हा रस्ता अजून पुरा का नाही?

रुंदीकरण २०११ पासून चाललंय. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं १९९० मध्ये आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला. त्याच नद्या, तेच डोंगर, वर बोगदे खणायचे होते ते वेगळंच. म्हणजे तुमचा भूगोल हे कारण होऊ शकत नाही. भूगोल वर आणि विलंब खाली ठेवलात, तर वाचणारा म्हणेल, बिचारे काय करणार, नद्याच फार.

लाल शाई

दोघेही वेगवेगळ्या गोष्टींवर भांडताय. विशेषणं जायलाच हवीत, त्यावर मत मागायचीही गरज नाही. पण विशेषणं काढली म्हणजे विलंब खाली ढकलावा, असं होत नाही. मुंबई उच्च न्यायालयात ज्याच्यावर जनहित याचिका चालली, तो विलंब प्रस्तावनेत येतो.

फक्त ‘रस्ता रखडला’ हे वाक्य ज्ञानकोशात चालणार नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. कुठला रस्ता? पळस्पे ते इंदापूर (रायगडमधलं, पुण्याकडचं नव्हे) हे ८४ किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. इंदापूर ते सिंधुदुर्गातलं झाराप राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, तेही दहा पॅकेजेसमध्ये, म्हणजे कंत्राटाच्या तुकड्यांत. यंत्रणा वेगळ्या, ठेकेदार वेगळे, प्रगती वेगळी. टप्पावार तक्ता करा: टप्पा, लांबी, यंत्रणा, काम सुरू, वाहतुकीला खुला. बस.

मंत्र्यांच्या तारखा मात्र नकोत. पाहणी दौऱ्यात दिलेली तारीख ही रस्त्याची माहिती नसते. न्यायालयात लेखी दिलेली मुदत असेल तर ती घ्यावी.

कुडाळकरीण

+१ तक्त्याला. मी राहते बोरिवलीला, पण गाव सिंधुदुर्गात. आमच्याकडे विचारलंत तर लोक म्हणतील, ‘आमच्याकडचो रस्तो कधीच झालो, तुमचा काय ता बघा.’ खारेपाटणच्या पुढे गाडी लागली की माणसं झोपतात. खरी रड आहे आरवली-कांटे आणि कांटे-वाकेड या पट्ट्यांत, म्हणजे संगमेश्वर ते लांजा. सगळ्या महामार्गाला एकच रडगाणं लावलंत तर लेख चुकीचाच ठरेल.

आणखी एक राहतंय. मुंबईतले कितीतरी कोकणी लोक आता गावाला जाताना हा रस्ता धरतच नाहीत. द्रुतगती मार्गाने पुणे, सातारा, कोल्हापूर आणि मग फोंडा नाहीतर आंबोली घाटाने खाली. गणपतीत तर सर्रास. या रस्त्यावर अवजड वाहनं बंद करतात त्याच दिवसांत. ही माहिती वाहतुकीच्या विभागात यायला हवी, बातम्यांत तिचे संदर्भ ढिगाने मिळतील.

जुने कागद

माझा आक्षेप धागाकर्त्यांच्या आवडत्या परिच्छेदाला आहे. नद्या आडव्या, रस्ता उभा, म्हणून पूल आणि घाट, ही मांडणी छान आहे, पण ती तुमची आहे. कुठल्या छापील ठिकाणी कोणी या महामार्गाबद्दल ती केलीय? नसेल तर ज्ञानकोशाच्या नियमात ते ‘मूळ संशोधन’, म्हणजे छापील आधाराशिवाय स्वतः काढलेला निष्कर्ष, आणि तो चालत नाही. बॉम्बे गॅझेटिअरचा (ब्रिटिशांनी काढलेला जिल्हावार माहितीग्रंथ) रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा आणि कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. दोन्हींत त्या काळचे रस्ते आणि घाट तपशिलात आहेत. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून कोणीही वाचू शकतं. पण त्यातून आजच्या ६६ क्रमांकाबद्दल निष्कर्ष काढायचा नाही. ‘१८८० साली असे रस्ते होते’ इथे पूर्णविराम.

वडखळनाका

चिपळूण वाशिष्ठीकाठी आहे यालाही संदर्भ लागणार का? नकाशात दिसणारी गोष्ट सांगणं म्हणजे संशोधन नव्हे. ‘म्हणून’ हा शब्द काढतो. नद्या लिहीन, घाट लिहीन, नातं वाचणाऱ्याने जोडावं.

क्रमांकांचा नियम मात्र ठेवणार, तो सरकारीच आहे. उत्तर-दक्षिण महामार्गांना सम क्रमांक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. किनाऱ्यालगतच्या रस्त्याला ६६ का, ते त्यावरून आपोआप कळतं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरची दोन वाक्यं उडवतोय. तो वेगळा राज्य मार्ग आहे, त्याला वेगळा लेख.

परळचा चाकरमानी

उडवा. पण अपघातांचं काय? ‘यादी नको’ म्हणून तुम्ही तेही उडवणार, हे दिसतंय मला. १९ मार्च २०१३ ला गोव्याहून मुंबईला येणारी खासगी बस जगबुडीत कोसळली, ३७ माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्यात दोन एसट्या गेल्या. एक जयगडहून मुंबईला निघालेली, दुसरी राजापूरहून बोरिवलीला.

लाल शाई

यादी नकोच. वर्तमानपत्रात आलेला प्रत्येक अपघात घातला तर लेख श्रद्धांजलीच्या पानासारखा दिसेल. सावित्री मात्र स्वतंत्र उपविभागात हवी, कारण तिथे रस्त्याची रचनाच कोसळली आणि त्यानंतर नवा पूल बांधला गेला. जगबुडीही राहावी, नव्या पुलाच्या संदर्भात.

परळचा चाकरमानी

मग सावित्रीच्या उपविभागात पूर्ण वाक्य लिहा: नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. त्याच्या बरोबर वर तक्ता ठेवा, ‘काम सुरू: २०११’ असा रकाना असलेला. मला एकही विशेषण नको मग. तुमचं ‘कुरण’ नि ‘सहनशीलता’ खुशाल पुसा.

वडखळनाका

शेजारी शेजारी ठेवणं हाही शेराच झाला की! एक पूल आणि शेकडो किलोमीटरचं भूसंपादन यांची तुलना होते का?

लाल शाई

तुलना आपण करत नाही. दोन्ही तारखा खऱ्या, दोन्ही त्याच रस्त्याच्या. भूसंपादनाला वेळ लागला याचा संदर्भ असेल तर तेही घाला, कोणी अडवलंय?

वडखळनाका

ठीक. प्रस्तावनेचा मसुदा: ‘राष्ट्रीय महामार्ग ६६ (२०१० पूर्वीचा १७) हा पनवेल ते कन्याकुमारी असा पश्चिम किनाऱ्यालगत जाणारा, पाच राज्यांतला महामार्ग आहे. त्याचा पनवेल ते गोवा हा भाग मुंबई-गोवा महामार्ग म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रात तो रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून जाऊन पत्रादेवीला गोव्यात शिरतो. २०११ पासून त्याच्या चौपदरीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने सुरू आहे.’

परळचा चाकरमानी

शेवटचं वाक्य खात्याच्या जाहिरातीतून उचलल्यासारखं आहे. ‘टप्प्याटप्प्याने’ काढा. ‘२०११ मध्ये चौपदरीकरण सुरू झाले, विलंबाबाबत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली’ एवढं लिहा. नाहीतर मी ते बदलणार, तुम्ही उलटवणार, मी पुन्हा बदलणार.

जुने कागद

याचिकेचं वर्ष आणि न्यायालयाच्या आदेशाचा संदर्भ द्या, मग माझी हरकत नाही. नद्यांच्या परिच्छेदावरची तशीच आहे.

कुडाळकरीण

भांडण चालू द्या. तक्ता मी करायला घेते, खारेपाटण-झाराप आजच भरते. कांटे-वाकेडचा रकाना चाकरमानी, तुम्ही भरा. संदर्भासकट हं.