मदत हवी आहे: बाबांना कान्हेरी दाखवायची आहे, गुडघे साथ देतील का?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे. बाबा ७४ वर्षांचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर ते स्वतःच ब्राह्मी लिपी शिकले. आमच्या पांडवलेण्यांतले सातवाहनांचे लेख त्यांनी इतक्यांदा वाचलेत की आता मलाही काही अक्षरं लागतात. तिथल्या २० क्रमांकाच्या लेण्यात यज्ञ सातकर्णी राजाचं नाव आहे, तेच मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतल्या मोठ्या चैत्यातही, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, कोरलंय. ते एकदा डोळ्यांनी बघायचंय, असं बाबा कितीतरी वर्षं म्हणताहेत आणि दरवेळी काहीतरी आडवं येतं. यंदा मला ते चुकवायचं नाही.

डिसेंबरात दहिसरला भावाकडे चार दिवस आहोत. त्यातला एक दिवस बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवलाय, लेणी तिथेच आहेत. गर्दी नको म्हणून सोमवार धरलाय. बाबांचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास सहज चालतात, पायऱ्या मात्र दहा-बारा झाल्या की थांबावं लागतं. शंभराहून जास्त लेणी आहेत म्हणे, ती सगळी बघायचा हट्ट नाही. चैत्य झाला तरी भरून पावलो. मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, तिथवर काय सोय असते? पायऱ्या किती अवघड आहेत? सोबत नऊ वर्षांची मुलगीही आहे, तिला जंगल बघायचंय.

प्रतिसाद १
ताई, आधी दिवस बदला. सोमवारी उद्यान बंद असतं! मंगळवार किंवा बुधवारी सकाळी लवकर या. मुख्य दारापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत उद्यानाच्या बस सुटतात. उद्यानाचं तिकीट दारावर आणि लेण्यांचं वर वेगळं, दोन्हीसाठी सुट्टे पैसे ठेवा.

पायथ्याशी पायऱ्या आहेतच, त्या टळत नाहीत. पण चैत्य म्हणजे तीन नंबरचं लेणं सुरुवातीलाच आहे, डोंगर चढावा लागत नाही. माझ्या आईला मी असंच बसत-उठत नेलं होतं. घाई करणारं कुणी सोबत नको, एवढंच. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत, मुलगी बघतच राहील. ११ नंबरचं लेणं, ज्याला दरबार म्हणतात, पुढे ओढ्याच्या बाजूने आहे, ते बाबांचे पाय बघून ठरवा.

प्रतिसाद २
चैत्यातला लेख बराच झिजलाय, म्हणून बॅटरी न्या. उजेड समोरून नको, बाजूने तिरका टाका, म्हणजे खाचांत सावली पडून अक्षर उठून दिसतं. खडू किंवा पाणी लावू नका. आणि बाबांना सांगा, कान्हेरीच्या लेखांत कल्याण, सोपाऱ्याबरोबर नाशिकच्या दात्याचाही, म्हणजे लेण्यासाठी दान देणाऱ्याचा, उल्लेख आहे.

माकडं फार आहेत. खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका.

मूळ धागा लिहिणारी
सोमवारचं कळलं नसतं तर बाबांना दारातूनच परत आणावं लागलं असतं. खूप आभार. मंगळवार पक्का केला. नाशिकच्या दात्याचं बाबांना वाचून दाखवलं, तर ते उठून जुनी वही शोधायला लागलेत. तो लेख नेमका कोणत्या लेण्यात आहे आणि तिथवर पायऱ्या किती, हे कुणी सांगेल का?