मदत हवी आहे : ओन्याते आणि आकोमा यांच्यावरील लेखासाठी

अमेरिकेतील न्यू मेक्सिकोवर मी मराठीत लेख लिहीत असून एका प्रसंगाच्या मांडणीसाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे. १५९८ साली ह्वान दे ओन्याते याने तेथे स्पॅनिश वसाहत वसवली. धान्याच्या मागणीवरून आकोमा या गावातील पुएब्लो या मूलनिवासी लोकांशी संघर्ष पेटला, त्यात स्पॅनिश सैनिक मारले गेले आणि जानेवारी १५९९ मध्ये सूड म्हणून केलेल्या हल्ल्यात आकोमाची शेकडो माणसे ठार झाली. पंचविशीपुढील पुरुषांना एक पाऊल तोडण्याची आणि २० वर्षे सक्तीच्या गुलामीची शिक्षा सुनावली गेली. ती प्रत्यक्षात कितपत अमलात आली, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पुढे १६१४ मध्ये स्पॅनिश सत्तेनेच ओन्यातेला क्रौर्याबद्दल दोषी ठरवले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ‘तो काळच तसा होता’ हा युक्तिवाद तिच्यापुढे टिकत नाही. तरीही त्याचे पुतळे उभारले गेले. न्यू मेक्सिकोतील आल्काल्दे येथील पुतळ्याचे पाऊल निषेध म्हणून कापण्यात आले आणि २०२० मध्ये तो हटवण्यात आला.

आकोमा समाजातील व्यक्तींनी स्वतः मांडलेला इतिहास कोठे वाचता येईल? तसेच, ओन्यातेला पूर्वज मानणाऱ्या स्थानिक हिस्पॅनिक (स्पॅनिश वारशाच्या) कुटुंबांची बाजू, अत्याचाराची तीव्रता कमी न करता, कशी मांडावी?